आवर्तन सुटलं तेव्हा आम्ही बोटीत राहत होतो

आम्ही नोंदणी पद्धतीनं लग्न केलं तेव्हा दोघंही पाणीवाटपाच्या चळवळीत पूर्णवेळ होतो. नाशिकमध्ये खोली मिळेना. घरमालक आधी आडनावं विचारत. ती दोन वेगळ्या जातींची निघाली की काम काय करता ते विचारत, आणि मग "कळवतो" म्हणत. एकानंही कळवलं नाही. सुशिक्षित शहराचा हा सभ्यपणा मी तेव्हाच लिहून ठेवायला हवा होता.

शेवटी आम्हाला धरणाचे आकडे समजावून देणाऱ्या एका निवृत्त इंजिनिअर काकांनी त्यांची शिडाची बोट दिली. ती धरणाच्या फुगवट्याच्या पाण्यात उभी असायची. डोलकाठी, वाकून शिरावं लागणारी केबिन, झोपायला दोन फळ्या.

"पावसाळ्यापर्यंत राहा," काका म्हणाले. "बोट पाण्यात ठेवा, एवढंच."

दुसरी जागा होती ती सिन्नरला, नवऱ्याच्या आईकडे. तिथं अटी होत्या. मी दारात येऊन 'चुकले' म्हणायचं आणि त्यानं तिथल्या कारखान्यात लागायचं, मग माडीवरची खोली आमची. मी चुकले नव्हते. म्हणून बोट.

पहिल्या आठवड्यात दोघांचीही डोकी रोज आपटली. पीठ ओलं होतं हे कळलं. चार दिवसांत पत्रकांच्या गठ्ठ्याला बुरशी आली. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे जाते, हे त्याला पाठ झालं, हाताला मात्र झालं नाही. दुसऱ्याच दिवशी त्यानं शीड चढवलं आणि आम्ही झोकात पलीकडच्या काठाला गेलो. परत कसं यायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. एका म्हाताऱ्या मच्छीमारानं दोर लावून ओढत आणलं.

"जायचं शिकले, यायचं राहिलं व्हय?" तो म्हणाला.

"शिकतोय, बाबा," हा म्हणाला.

"शिका. पर वल्हं तरी ठेवत जा."

बोट हलली की याला उलटी व्हायची. भाषण करताना तासभर न हलणारा माणूस, पण पाण्यावर भाकरीचा तुकडा पोटात टिकेना. म्हणून आम्ही बोट काठाला आणली आणि चारही दोर बाभळींना आणि खडकांना ताणून बांधले. बोट हलायची थांबली. तो जेवू लागला. आम्हाला वाटलं, जमलं.

म्हातारा जाळं सोडवत बघत होता. "ताई, येवढ्या काठाला नका लावू. पानी सोडलं तर चिखलात बसाल."

"सोडतात कुठं, बाबा? त्यासाठीच तर भांडतोय," मी म्हणाले.

त्याच आठवड्यात आम्ही पाटबंधारे खात्याच्या कार्यालयासमोर ठिय्या देऊन बसलो. कालव्याच्या शेवटच्या गावांना पाण्याचं आवर्तन मिळालंच पाहिजे. पत्रक माझंच होतं. तिसऱ्या दिवशी साहेबांनी मान्य केलं. पाणी सुटलं. आम्ही दोघं पाण्याबरोबर खाली गेलो, गावागावात थांबलो, कांद्याच्या वाफ्यात पाणी शिरताना पाहिलं. हार घातले गेले. धरणाची पातळी किती उतरेल, हे आकडे मला तोंडपाठ होते. सभेत मी ते सांगितलेही. आपली बोट त्याच पाण्यावर आहे, हे चार दिवसांत दोघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही.

परतलो तेव्हा बोट चिखलात कलंडली होती. पाणी वीस पावलं मागं गेलं होतं. बोट एका दगडी जोत्यावर टेकली होती आणि तिथंच बुडाला चीर गेली होती. आत रॉकेल पिठात आणि पत्रकांवर सांडलं होतं.

"हे सुताराचं घर," म्हातारा जोत्याकडे बघत म्हणाला. धरणाच्या पाण्याखाली त्याचं गाव गेलं होतं हे आम्हाला माहीत होतं. कुठं, ते विचारलं नव्हतं. "पंधरा माणसं आना. आज ढकलली तर जाईल. चीर मी डांबरानं भरतो."

आमची माणसं कालव्याच्या टोकाला होती, दिवसरात्र पाळीनं पाणी भरत होती. त्यांना वाफे सोडून या म्हणायचं? मी नाही म्हणाले, तोही नाही म्हणाला. दुसऱ्या दिवशी पाणी तीस पावलांवर होतं, तिसऱ्या दिवशी पन्नास.

"पत्रक काढायचं का?" तो म्हणाला. "पाणी ताबडतोब बंद करा म्हणून?"

मी हसले नाही. तोही हसला नव्हता.

"मी जातो सिन्नरला. तू नांदगावला जा, तुझ्या बहिणीकडे. बघू."

'बघू' म्हणजे काय ते मला माहीत होतं. चळवळीतली तीन जोडपी मी तशी मोडताना पाहिली होती. मला राग यायला हवा होता. काहीच आलं नाही. मी काकांना दोन ओळींची चिठ्ठी लिहिली, पिशवी भरली आणि त्याच्याबरोबर सिन्नरच्या जीपमध्ये बसले.

सासूबाई दारातच होत्या. मी चप्पल काढली आणि म्हणाले, "माझं चुकलं."

पत्रकातलं वाक्य वाचावं तसं म्हणाले. खोटं होतं. तो माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघत होता.

सासूबाई बाजूला झाल्या. "चप्पल आत घे," म्हणाल्या. "कुत्री नेतात."