वाळल्यावर फिकी होणारी शाई

तोगाशीसान दुकानात लागल्या तेव्हा शाई दोनच रंगांची खपायची, काळी आणि निळी. लाल होती, पण ती शाळामास्तरांसाठी. लाल शाईने कुणाचं नाव लिहिणं म्हणजे त्याचं वाईट चिंतणं, म्हणून ती दौत कपाटात मागच्या बाजूला असायची. साकाता बंदरातलं आमचं कागद-शाईचं दुकान त्या काळी मासळीबाजाराला पावतीपुस्तकं पुरवायचं आणि नगरपालिकेला कार्बन पेपर. तोगाशीसान सायकलच्या मागे गठ्ठे बांधून ती पोचवायच्या. पुढे कार्बन पेपर गेले, पावतीपुस्तकं गेली. तोगाशीसान राहिल्या.

दहाएक वर्षांपूर्वी मालक इशिगुरोसाननी रंगीत शाया आणल्या. साठ-सत्तर छोट्या बाटल्या, आणि खिडकीपाशी एक टेबल. टेबलावर काचेचा टाक, पाण्याचा पेला, कापसाच्या काड्या, जाड कागदाची कार्डं. गिऱ्हाइकाने बसावं, टाक बुडवावा, लिहून बघावं, मग काय घ्यायचं ते घ्यावं. तोगाशीसाननी नाक मुरडलं. "शाई म्हणजे काय लोणचं आहे का, चाखून घ्यायला?" असं त्या मला म्हणाल्या होत्या. मी तेव्हा नुकतीच गल्ल्यावर बसायला लागले होते.

पण टेबल पुसायचं काम त्यांच्याकडे आलं. गिऱ्हाईक उठून गेलं की टाक धुवायचा, आणि धुण्याआधी टाकात उरलेली शाई वाया का घालवा म्हणून त्या एखादी रेघ ओढायच्या. रेघेचं पुढे अक्षर झालं. अक्षरावर ओला कुंचला फिरवला की एकाच शाईतून दोन रंग सुटतात हे त्यांना कळलं, त्या दिवशी त्यांनी मला गल्ल्यावरून उठवून बोलावलं. वरून तपकिरी दिसणाऱ्या शाईतून कडेला गुलाबी निघाला होता. "बघ," त्या म्हणाल्या, "पोटात काय आहे ते पाणी लावल्याशिवाय कळत नाही." आणि लगेच, जास्त बोलून गेल्यासारख्या, फडक्याने टेबल पुसायला लागल्या.

जास्त बोलणं हा त्यांचा स्वभावच नव्हे. उलट, जे बोलायला हवं ते सोडून भलतंच बोलायचं, यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. त्याची त्यांनी किंमतही मोजली होती. तीन वर्षांपूर्वी त्यांची एकुलती मुलगी चिसातो ओसाकाहून बॅग घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, घटस्फोट झाला. तोगाशीसाननी तिला आत ये म्हटलं नाही, जेवलीस का विचारलं नाही. त्यांच्या तोंडून निघालं, "आता शेजाऱ्यांना काय सांगायचं?" चिसातो रात्रीसुद्धा राहिली नाही. त्यानंतर फोन उचलेना, नव्या वर्षाच्या कार्डांना उत्तर देईना. हे सगळं मला त्यांनी एकदाच, शाईच्या छोट्या बाटल्यांवर लेबलं चिकटवताना, खाली मान घालून सांगितलं. दर डिसेंबरात त्या तिला कार्ड लिहायच्या, आणि जानेवारीत पोस्टमन आला की दुकानाच्या दाराकडे न बघण्याचा प्रयत्न करायच्या.

गेल्या वर्षी इशिगुरोसाननी ठरवलं की दुकानाची स्वतःची एक शाई असावी, आपल्या गावाच्या रंगाची. मालकांच्या डोळ्यांपुढे भाताच्या शेतांचा पिवळा होता. तोगाशीसान म्हणाल्या, पिवळा वाचता येत नाही. मग तुम्हीच करा, असं मालक जरा तिरसटून म्हणाले. त्यांनी खरंच केली. एकमेकींत मिसळल्या तरी चालणाऱ्या शायांचा एक संच असतो, त्यातल्या थेंबाथेंबाने, वहीत आकडे लिहीत, ऑक्टोबरपासून. त्यांना हवा होता नोव्हेंबरातला समुद्र. आमच्याकडे ढग पाण्याला टेकतात तेव्हा समुद्र निळा नसतो आणि काळाही नसतो. ओल्या पाटीसारखा असतो.

नोव्हेंबरच्या शेवटी एका दुपारी तो रंग जमला. जेवणाची सुट्टी होती. त्यांनी टाक बुडवून एक रेघ ओढली आणि ती ओली रेघ बघून डबा उघडायचाच विसरल्या. खणातून एक कोरं पोस्टकार्ड काढलं. त्यावर नदीच्या मुखाशी दरवर्षी येणारे हंस काढले, दोन मोठे, मध्ये एक पिल्लू, आणि कुंचल्याने पाणी सोडून खाली लाटा. शेजारी लिहिलं, "हंस आले. थंडी वाढली. जपून राहा." पलीकडे चिसातोचा पत्ता. चार वाजता पेटी उघडतात म्हणून घाईने वर टिपकागद दाबला आणि स्वतः जाऊन कार्ड टाकून आल्या. परत आल्या तेव्हा त्यांचे गाल लाल झाले होते. थंडीने, असं त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वही उघडली. मी शेजारी सुतकाच्या कार्डांच्या मागण्या लावत होते. वर्षभरात ज्या घरातलं माणूस गेलं, ते घर नव्या वर्षाच्या शुभेच्छा पाठवत नाही. डिसेंबरच्या तोंडाशी तसं कळवणारी कार्डं पाठवतं, आणि त्यांची अक्षरं फिक्या राखाडी शाईत असतात, अश्रू पडून शाई पातळ व्हावी तशी. नोव्हेंबरात आमचं निम्मं दुकान त्यावर चालतं. तोगाशीसाननी वहीतली कालची रेघ पाहिली. मग माझ्या हातातलं कार्ड ओढून रेघेशेजारी धरलं.

रंग तोच होता. ओली असताना पाटीसारखी गडद दिसलेली शाई वाळून फिकी झाली होती, आणि पोस्टकार्डावर तर टिपकागदाने उरलीसुरलीही ओढून घेतली असणार.

"चिसातोला सुतकाचं कार्ड गेलं," त्या म्हणाल्या.

इशिगुरोसान म्हणाले, ताबडतोब फोन करा. ती उचलत नाही, त्या म्हणाल्या. मग निरोप पाठवा, मी म्हटलं. काय पाठवू, कोणी मेलं नाही म्हणून? मालकांनी तेवढ्यात विचारलंच, की तेहेतीस वर्षं सुतकाची कार्डं विकून तुम्हाला हा रंग कळला नाही? दोन दिवस तोगाशीसाननी त्या टेबलाकडे पाठ करून काम केलं. मला त्यांची भीती कळत होती. तीन वर्षांनी मुलीने घाबरून फोन करावा, आणि आईचा वेंधळेपणा कळल्यावर कायमचा ठेवावा, याची ती भीती होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी दुकानाचा फोन वाजला. मी उचलला. एका बाईने नाव न सांगता विचारलं, तोगाशीसान आज कामावर आल्यात का. आल्यात म्हटल्यावर पलीकडे नुसता श्वास ऐकू आला. मी फोन त्यांच्या हातात दिला. आमच्या त्या जुन्या फोनचा आवाज असा, की दुकानात कुणाला कान बंद करायची सोयच नाही.

"कोण गेलं?" चिसातोने विचारलं.

"कोणी नाही."

"घरी फोन लावला, कोणी उचलत नाही. बाबा?"

"बाबा गोचा पट खेळायला गेलेत. हरून येतील पाचला."

"मग हे कार्ड?"

"नवीन शाई आहे. मी केली. वाळल्यावर फिकी होते."

"आई, तू तेहेतीस वर्षं त्या दुकानात आहेस."

"मालकही हेच म्हणाले."

"मजकूर दहा वेळा वाचला मी. हंस आले, थंडी वाढली. म्हटलं, बाबा गेलेत आणि हिला सांगता येत नाहीये. तू कधी काही सरळ सांगितलंयस?" आवाज चढला होता आणि आता चिरकला. "क्लिनिकमध्ये रजा टाकली. उद्याचं गाडीचं तिकीट काढलंय. काळे कपडे इस्त्री केलेत."

तोगाशीसाननी फोनची वायर बोटाला गुंडाळली. शाईने त्यांची नखं अजून करडी होती.

"तिकीट परत करू?" चिसातोने विचारलं.

मी इशिगुरोसानकडे पाहिलं. ते वहीत डोकं खुपसून बसले होते, वही उलटी होती.

"नको करूस," तोगाशीसान म्हणाल्या. "ये."

"आणि शेजाऱ्यांना काय सांगशील?"

हा प्रश्न तीन वर्षं त्या फोनच्या पलीकडे थांबला असणार. मला वाटलं, आता या हवापाण्याचं काहीतरी बोलणार.

"सांगेन की माझी मुलगी आलीय," त्या म्हणाल्या. "त्या दिवशीही एवढंच सांगायचं होतं. चुकलं माझं."

चिसातोने फक्त गाडी किती वाजता पोचते ते सांगितलं, आणि फोन ठेवला. तोगाशीसान आत जाऊन बऱ्याच वेळाने बाहेर आल्या. अळकुड्या मिळतात का बघायला लवकर जाते म्हणाल्या; चिसातोला आंबवलेल्या सोयाबीनच्या मिसोमधलं अळकुड्यांचं, डुकराचं मांस घातलेलं कालवण आवडतं.

चिसातो आली. चार दिवसांच्या रजेतले तीन दिवस राहिली, त्यातला एक दिवस दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या, असं कळलं. निघायच्या दिवशी ती दुकानात आली. आईसारखंच रुंद कपाळ, आणि केस अगदी आखूड. खिडकीपाशी बसून तिने टाक बुडवला, रेघ ओढली, आणि ती वाळेपर्यंत हाताची घडी घालून थांबली. आमच्याकडे असं कोणी थांबत नाही.

"निळा घाल," ती म्हणाली. "दोन थेंब."

"समुद्र निळा नसतो या दिवसांत."

"नसेल. पण लोकांच्या छातीत धस्स तरी होणार नाही."

दोन की एक यावर बाटली संपायची वेळ आली. शेवटी दीड म्हणजे किती, यावर मालकांना पंच म्हणून बोलावलं. निळा घातलेली शाई आता आमच्या दर्शनी फळीवर आहे आणि बऱ्यापैकी खपते. पण तोगाशीसाननी पहिलीचीही एक बाटली तिच्याशेजारी ठेवली आहे. चित्रासाठी छान आहे, त्या सांगतात. तिच्यापुढे इशिगुरोसाननी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली आहे: वाळल्यावर फिकी होते. हिने पत्ता लिहू नये.

जानेवारीचे पहिले तीन दिवस दुकान बंद असतं. चार तारखेला उघडलं तेव्हा तोगाशीसाननी पिशवीतून एक कार्ड काढून माझ्यापुढे धरलं. ओसाकाचा शिक्का होता. लिहिलं होतं फारसं काही नाही. नव्या वर्षाच्या शुभेच्छा, आणि मार्चमध्ये हंस जायच्या आत येता येतं का बघते. शाई चकचकीत केशरी होती.

"किती भडक," तोगाशीसान म्हणाल्या, आणि कार्ड टेबलाच्या काचेखाली, खिडकीच्या बाजूला, सरळ करून ठेवलं.