बैलजोडीच्या किमतीची मोटार

मोटार घ्यायची असं मी कधीच ठरवलं नव्हतं. ठरवलं होतं ते एवढंच, की सुशीला आणि लेकीला सासरवाडीहून घरी आणायचं. सुशी म्हणजे माझी बायको. पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी गेली होती, आणि मुलगी तीन महिन्यांची झाली तरी मी तिला एकदाच, तेही बारशाच्या गर्दीत, पाहिलं होतं. साताऱ्याहून कृष्णाकाठचं ते गाव पाऊणशे मैल. सर्व्हिस मोटारीनं जायचं तर कराडला गाडी बदला, टपावरच्या कोंबड्यांखाली बसा आणि वर धूळ खा. तान्ह्या पोरीला घेऊन तसं आणायचा धीर मला होत नव्हता.

त्याच सुमारास पाचगणीच्या एका शाळेतले गोरे मास्तर कायमचे विलायतेला निघाले आणि त्यांनी आपली चिमुकली मोटार विकायला काढली. मी चित्रकलेचा मास्तर, माझी ऐपत ती काय! पण त्यांनी मागितलेली रक्कम ऐकून मी दोनदा विचारून घेतलं. आमच्याकडे तेवढ्यात एक बरी बैलजोडी येते. लढाई संपून वर्ष झालं होतं, पेट्रोल अजून कुपनावर मिळत होतं, म्हणून गिऱ्हाईकही फार नव्हतं. मी मोटार घेतली आणि सर्व्हिस मोटारीच्या एका ड्रायव्हरकडून महिनाभर शिकलो.

मोटारीचं वर्णन थोडक्यात सांगतो, कारण वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या मनात अशीच मोटार घ्यायचं असेल. वर कापडी टप, पुढं दोन माणसं, मागं दोन माणसं बसतात असं म्हणायचं, पण पाय घरी ठेवून यावं लागतं. चाकं इतकी बारीक की पोरं सायकलची समजतात. एका गॅलनला चाळीस मैल जाते, हा तिचा मोठा गुण. ब्रेक तारेवर ओढले जातात. आपण पाय दाबला की मोटार आधी विचार करते आणि मग थांबते. मागं सामान बांधायला लोखंडी चौकट आहे, तिची गोष्ट पुढं येईल.

मी सासऱ्यांना मोठ्या उत्साहानं पत्र लिहिलं. उलट टपाली उत्तर आलं: 'मोटार घेतली, आनंद आहे. नात त्या काडेपेटीतून येणार नाही.' आबा, म्हणजे माझे सासरे, तरुणपणी पलटणीत होते. पहिल्या लढाईत बसऱ्याकडं तीन टनी लॉरी हाकलेला माणूस. त्यांच्यापुढं मोटारीबद्दल बोलायला गावात कुणी धजत नसे. मी ते पत्र खिशात घातलं, शनिवार-सोमवार जोडून रजा काढली आणि निघालो.

जानेवारीतली सकाळ, हँडल मारून मारून अंग तापलं तेव्हा कुठं मोटार सुरू झाली. साताऱ्याहून कराडपर्यंतचा रस्ता चांगला आहे, पण पंचवीस मैलांच्या वर वेग नेऊ नका, डोळ्यांत वारा जातो. उंब्रजला चहाला थांबलो. एक आण्यात कपभर, आणि दूध सढळ. तिथं मोटारीभोवती पाच-सहा जण जमले. एकानं तिच्या बॉनेटवर थोपटलं आणि विचारलं, "पाव्हणं, ही मोठी कवा हुणार?"

"खायला घातलं की होईल," मी म्हणालो.

"मग लवकर घाला गड्या. कराडच्या पुलावर वारं लय सुटतंय."

कराडला खाणावळीत आठ आण्यात पोटभर जेवलो, आमटी दोनदा मागून घेतली. कृष्णा-कोयनेच्या संगमावर अर्धा तास पाय पाण्यात सोडून बसलो, मोटारीलाही पाणी पाजलं. पेठला मोठा रस्ता सोडून इस्लामपूरकडं वळलं की मुरूम आणि फुफाटा सुरू होतो. टोपीऐवजी डोक्याला पंचा गुंडाळा, मी गुंडाळला नव्हता. आष्टा मागं टाकून तीनच्या सुमारास गावात शिरलो तेव्हा केसांपासून भुवयांपर्यंत मी तांबडा झालो होतो. सुशी दारात आली, मला पाहून आधी हसली आणि मग लेकीला माझ्या हातात दिलं. मुलगी माझ्याकडं बघून भोकाड पसरून रडली. मलाही भरून आलं, पण मी धुळीवर ढकललं.

आबा मोटारीभोवती तीन फेऱ्या मारून आले. वाकून तारा पाहिल्या, चाकं लाथेनं तपासली.

"मास्तर, राग धरू नका. सुशी माझी एकुलती लेक, अन् ही तिची पयली. बसऱ्याला लॉऱ्या उलटताना म्या डोळ्यानं बघितल्याती."

"आबा, तिची चाल बघा तरी."

"बघतो की. उद्या सकाळी."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी काठोकाठ भरलेली दुधाची चरवी आणली आणि पुढच्या रिकाम्या सीटवर ठेवली. म्हणाले, "मारुतीच्या देवळाला येढा घालून या. दूध सांडलं तर नात हितंच ऱ्हाईल." सगळं गाव वाटेवर उभं. मी आयुष्यात इतकी हळू आणि इतकी मन लावून मोटार चालवली नव्हती. एका खड्ड्यात चरवी डुचमळली, पण थेंब काठावरच राहिला. परत आलो तेव्हा आबांनी चरवीत डोकावून पाहिलं, सीटवर हात फिरवून पाहिला, हात कोरडा. "बरं," ते म्हणाले. त्या एका शब्दानं मी इतका फुगलो की दिवसभर कुणाला आवरलो नाही.

दुपारी एकटाच सांगलीला जाऊन आलो. संस्थानच्या हद्दीवर जकातीवाल्यानं मोटारीत डोकावून विचारलं, "काय माल हाय?" मी म्हणालो, "मीच." त्यानं सोडलं. कृष्णेवरचा मोठा पूल, गणपतीचं देऊळ आणि हळदीच्या पेठेतला नाकात बसणारा वास, एवढं दोन तासांत होतं. भडंग बांधून घ्या, वाटेत उपयोगी पडतं. संध्याकाळी आबांच्या गुऱ्हाळावर काहिलीतली गरम काकवी भाकरीवर ओतून खाल्ली. या प्रवासात याहून चांगलं काही खाल्लं नाही.

सोमवारी सकाळी निघायचं होतं. मी हँडल पुसत होतो तोवर आबा सामान बांधायला लागले. आमच्या भागात लेक माहेरहून निघाली की तिला रिकाम्या हातानं कुणी धाडत नाही, आणि पहिलं मूल घेऊन निघाली तर नाहीच नाही. गुळाच्या दोन ढेपा आल्या, जोंधळ्याचं पोतं आलं, शेंगांचं गाठोडं, डिंकाच्या लाडवांचा डबा. शेवटी पाळणा आला. सुशी स्वतः ज्यात वाढली तो सागवानी पाळणा, आबांनी मुद्दाम सुताराकडून नवा तांबडा-हिरवा रंग देऊन आणलेला. ढेपा आणि पाळणा मागच्या लोखंडी चौकटीवर, बाकीचं मागच्या सीटवर.

"आबा, लय झालं," सुशी म्हणाली.

"लय काय त्यात? लेकीला काय रिकाम्या हातानं धाडू?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मोटारीचा मागचा भाग खाली बसलेला मला दिसत होता. पण कालच तिची फुशारकी मारून आज 'एवढं झेपणार नाही' कसं म्हणायचं? आणि जावयानं सासऱ्याच्या हातातलं सामान परत उतरवायचं? मी म्हणालो, "येऊ द्या की आबा. बसतंय." या प्रवासात मी केलेली चूक ती हीच. तीन टनी लॉरी हाकलेल्या आबांनाही त्या क्षणी भार दिसला नाही, लेक दिसली.

पेठपर्यंत मोटार जरा जड चालत होती एवढंच. मोठ्या रस्त्याला लागल्यावर वेग आला आणि स्टेअरिंग विचित्र हलकं वाटायला लागलं, हातात काही धरलंच नाही असं. मला वाटलं, रस्ता चांगला आहे म्हणून. कासेगावच्या अलीकडं उतार लागला. समोरून गुऱ्हाळाकडं निघालेल्या उसाच्या गाड्यांची रांग येत होती. मी डावीकडं घेण्यासाठी चाक फिरवलं. चाक फिरलं, मोटार फिरली नाही. ती सरळ पहिल्या बैलांवर निघाली. मी ब्रेकवर उभाच राहिलो. गाडीवानानं आरडून बैल ओढले, माझी मोटार घसरत रस्त्याकडेच्या चरात एक चाक घालून थांबली.

लेक रडली, आणि तिचं रडणं ऐकून मला बरं वाटलं. सुशीनं तिला दोन्ही हातांनी छातीशी इतकं आवळलं होतं की तिच्या बांगड्यांचे वळ पोरीच्या दुपट्यावर उमटले होते. कुणाला काही लागलं नव्हतं. सुशीकडं बघायची मात्र मला हिंमत होईना.

गाडीवान साठीचा म्हातारा होता. त्याला सगळे तात्या म्हणत. मला वाटलं, आता शिव्या पडणार. तो आला, मोटारीच्या पुढं गेला, वाकून एका हातानं तिचं नाक धरलं आणि उचललं. ते अलगद वर आलं.

"आवं मास्तर, गाडी उलाळ झालीया की!"

ज्यांनी बैलगाडी हाकली नाही त्यांच्यासाठी सांगतो. भार मागं जास्त झाला की गाडी मागं कलते, जू वर उचलतं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. अशी गाडी म्हणजे उलाळ. शेतकऱ्याचं पोरही आधी ते बघतं आणि मगच बैल जुंपतं. मीही शेतकऱ्याचाच मुलगा. मोटारीला बैल नाहीत म्हणून मी ते विसरलो होतो.

"म्होरली चाकं भुईला टेकली तर वळतील न्हवं?" तात्या म्हणाला. "माझी वस्ती ही हितंच. उतरा समदं."

त्यांच्या माणसांनी मोटार चरातून हातांनीच उचलून रस्त्यावर ठेवली, इतक्या हलक्या मोटारीचा तो एक फायदा. एक ढेप, पोतं, गाठोडं तात्याच्या वस्तीवर गेलं. दुसरी ढेप त्यानं पुढं, सुशीच्या पायांशी ठेवायला सांगितली. पाळण्याच्या दोऱ्या सुशीनं स्वतः सोडल्या. शेवटची गाठ सोडताना तिचे डोळे भरले, पण ती म्हणाली, "ह्योबी ठेवा."

मी दार उघडून उभा राहिलो. ती बसेना.

"आधी तुमी एकलं जावा," ती म्हणाली. मग वस्तीवरून आलेल्या तात्याच्या बायकोकडं वळून, "मावशी, तांब्याभर दूध मिळंल?"

मला सगळं समजलं. आबांनी मोकळ्या मोटारीची परीक्षा घेतली होती, आणि मग ती भरून दिली होती. आता तीच परीक्षा त्यांची लेक पुन्हा घेत होती. तांब्या सीटवर, ढेप खाली. मी पुढच्या पुलापर्यंत जाऊन आलो. चाक फिरवलं की मोटार वळत होती, हाताला पुन्हा रस्ता लागत होता. सुशीनं तांब्यात पाहिलं, सीटवर हात फिरवला आणि लेकीला घेऊन बसली. दूध मला प्यायला लावलं.

घरी आल्यावर मी आबांना कार्ड टाकलं: 'आम्ही सर्व सुखरूप पोचलो.' खोटं त्यात काही नव्हतं. सुशीनं ते वाचलं आणि काही न बोलता परत दिलं, ते मला जास्त लागलं.

पंधरा दिवसांनी सर्व्हिस मोटारीच्या टपावर तांबडा-हिरवा पाळणा दिसला आणि मागून आबा उतरले. तात्या सांगलीच्या गूळपेठेत गेला होता, तिथं त्यानं आमच्या आबांचा पत्ता काढून सगळं सांगितलं होतं, आणि आबांनी वाटेत त्याच्या वस्तीवरून पाळणा उचलला होता. घरात येऊन आबा पाणीसुद्धा प्यायले नाहीत.

"कार्डात सुखरूप लिवलंसा. उलाळ लिवलं न्हाई."

"माझंच चुकलं, आबा. नको म्हणायला हवं होतं."

"तुमचं अर्धं. भरली म्या. आयुष्यभर गाड्या भरल्या, अन् लेकीच्या गाडीला नजर चुकली." ते उठले, नातीला उचललं आणि बाहेर जाऊन मोटारीत पुढं बसले. "चला. मला माहुलीच्या संगमापतूर न्या."

तो धिप्पाड माणूस त्या सीटमध्ये मावत नव्हता, गुडघे पार छातीला लागले होते. पण नात मांडीवर गाढ झोपली होती, आणि मी उतारावर हळू वळण घेतलं तेव्हा ते म्हणाले, "वळतीय बरी."

तर, अशी मोटार घ्यावी का? घ्यावी. तिच्यात माणसं बसवावी, सामान नव्हे, वेग विसरावा आणि निघण्याआधी एका हातानं तिचं नाक उचलून बघावं. माझ्याकडून एवढाच सल्ला.

दुसऱ्या दिवशी आबांना स्टँडवर पोचवायला आम्ही तिघं गेलो. सर्व्हिस मोटार सुटायच्या आधी ते सुशीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पुढल्या खेपेला येशील तवा तुला रिकाम्या हातानं धाडीन, पोरी. नुसती ओटी भरीन." असं कुठल्या लेकीला तिच्या बापानं प्रेमानं कधी सांगितलं असेल, असं मला वाटत नाही. सुशी तोंडाला पदर लावून रडली, आणि आबा टपावरच्या सामानाकडं बघत राहिले.