वीस वेळा बरोबर आलं, तरी सून पाठवेना

मैत्रिणींनो, सकाळपासून काही उमगेना झालंय.

सून घरूनच सॉफ्टवेअरचं काम करते. पेशंटला औषध किती द्यायचं, ते सांगणारा प्रोग्राम आज बेळगावच्या दवाखान्याला द्यायचा होता. डॉक्टरांनी दिलेल्या वीस पेशंटच्या यादीशी मीच ताडून बघितला. वीसही वेळा बरोबर!

म्हटलं, "दे की गं पाठवून."

"न्हाय आई. बरोबर येतंय, पण का येतंय ते कळंना. तसंच देऊन कुणाच्या जिवाशी खेळू व्हय?"

तिचे साहेब फोनवर लई ओरडले. तिनं पाठवला नाही.

मला ते पटलं, आणि तिथंच घोळ झाला. पंचवीस वर्षं गुरुवार धरते, घर सुखरूप आहे, उपवास फळतो याचा तोच पुरावा मानत आले. उद्या उपवास धरणारच. पण सुनेनं "का?" विचारलं, तर काय सांगू हो?