बहिऱ्या माणसाची खरेदी

आमच्या घरात स्वस्तात आलेली प्रत्येक वस्तू माझ्या बहिरेपणामुळे आलेली आहे. मिक्सर, टेबलफॅन, लोखंडी कपाट आणि माझ्या मुलीच्या लग्नातले सगळे आहेरही!

हे बहिरेपण मी मेहनतीने कमावलेलं होतं. शिरगावजवळच्या एका खाणीच्या वर्कशॉपमध्ये मी तीस वर्षं खनिज वाहणाऱ्या टिपरच्या इंजिनांत डोकं घालून उभा होतो. निवृत्त होताना सगळ्यांना मिळतं तसं शाल-श्रीफळ मिळालं आणि त्यासोबत सत्काराची भाषणंही झाली असावीत, कारण लोक टाळ्या वाजवताना दिसत होते. पुढची अकरा वर्षं जग माझ्यासमोर असंच चाललं होतं. लोकांचे ओठ हलायचे, मी मान हलवायचो, आणि डिचोलीत 'शांत स्वभावाचा माणूस' म्हणून माझं नाव झालं होतं.

बाजारात मात्र या शांत माणसाला तोड नव्हती. आमची पद्धत ठरलेली होती. आमची वासंती दुकानदाराला भाव विचारायची. दुकानदार सांगायचा. मी कपाळाला आठ्या घालून पुढे व्हायचो आणि म्हणायचो, "आं?" तो जरा मोठ्याने सांगायचा. मी पुन्हा, "आं?" आता गंमत अशी आहे, की वाढवलेला भाव हा हळू आवाजात सांगायचा असतो. तोच चारचौघांत ओरडून सांगायची वेळ आली, की सांगणाऱ्याला स्वतःचीच लाज वाटू लागते. तिसऱ्या 'आं'ला पन्नास रुपये आपोआप खाली यायचे! मध्ये मध्ये वासंती दुकानदाराशी हळू आवाजात काहीतरी बोलत असायची. कापड कसं आहे, रंग जातो का, असलं काहीतरी बायकी बोलणं असेल म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. खरं काम 'आं' करत होता, आणि तो माझा होता.

अशा या भरभराटीच्या काळात मुलीने हट्ट करून मला कानाची यंत्रं घेऊन दिली. दोन्ही कानांना दोन. कानांच्या डॉक्टरणीने बजावलं, "दिवसाचे दहा तास घालायचीच. सवय व्हायला वेळ लागेल. घाबरू नका."

घाबरू नका म्हणणाऱ्या बाईने एकदा माझ्या घरी येऊन राहायला हवं होतं! पहिल्या दिवशी टिपर आला म्हणून मी तीनदा खिडकीशी गेलो. तो आमचा फ्रीज निघाला. वर्तमानपत्राचं पान उलटलं तर कोणी पत्रा ओढतंय असं वाटायचं. माझ्या मागून कोणीतरी चालत येत होतं, म्हणून मी मागे वळून पाहिलं, तर त्या माझ्याच चपला होत्या. सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पोदेराचा भोंगा ऐकून मात्र मी अंगणात जाऊन उभाच राहिलो. इतकी वर्षं तो रोज वाजत होता, आणि माझी समजूत अशी होती, की हल्लीचे पोदेर मुकाट्याने येतात!

याच सुमारास वासंतीच्या पेडण्याच्या शाळेतल्या वर्गाने स्नेहमेळावा ठरवला. जोडीने यायचं, आणि कपडे 'रेट्रो' घालायचे. आम्ही तरुणपणी ज्यांना नुसतं कपडे म्हणत होतो, त्यांना आता रेट्रो म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. वासंतीला ठिपक्यांची नायलॉनची साडी हवी होती आणि मला लांब कॉलरचा फुलाफुलांचा शर्ट. असे चार शर्ट माझ्याकडे होते. पण जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बाईने ते कधीच नेले. त्या बदल्यात आलेल्या डब्यात आज रवा आहे.

"मांद्र्याक एक बाय असा," वासंती म्हणाली. "तिच्या भाड्याच्या खोल्यांनी पावणे येतत, ते जाताना कपडे टाकून जातत. गावातले जुने कपडेय ती घेता. धुवन, इस्त्री करून दोरयेर घालून इकता. स्वस्त असतत म्हणान सांगतत."

निघालो. म्हापशाला बस बदलायची होती. मध्ये अर्धा तास होता, म्हणून वासंती एका दुकानात शिरली. ठिपक्यांची साडी मिळाली. "कितक्याक?" तिने विचारलं.

"साडेतीनशे," दुकानदार म्हणाला.

इतकं स्वच्छ! इतकं स्पष्ट! अकरा वर्षांत मला एवढ्या सुंदर उच्चाराचा आकडा ऐकू आला नव्हता. मी आनंदाने म्हणालो, "साडेतीनशे? बरां, दी!"

दुकानदाराने साडी पिशवीत घातलीसुद्धा. बाहेर आल्यावर वासंतीने मला रस्त्याच्या कडेला घेतलं.

"तुमका गप रवाक काय झाला?"

"माका ऐकाक इला गे!"

"ऐकाक इला म्हणान सांगूक होया? काढा ती यंत्रां. मांद्र्याक पोचाच्या आदी खिशात घाला."

मी काढणार नव्हतो. एक तर त्यांची डबी घरी राहिली होती. दुसरं म्हणजे डॉक्टरणीचे दहा तास भरले नव्हते. शेवटी तडजोड झाली. मी कानांवर टोपी ओढायची आणि बहिरा असल्याचं नाटक करायचं. "ऐकाक इला तरी ऐकू नका," अशी मला ताकीद मिळाली. अकरा वर्षं खऱ्या बहिरेपणाचा अनुभव गाठीशी असताना नाटक जमणार नाही असं मला वाटेना.

मांद्र्याची ती बाई साठीची, टुणटुणीत होती. घराच्या पडवीत दोऱ्या बांधून तिने कपडे लावले होते. मला हवा तसा शर्ट तिसऱ्याच दोरीवर सापडला. केशरी रंगावर पानाएवढी फुलं! वासंतीने भाव विचारला.

"तीनशे. असला कापड आता मेळूचा नाय."

मी पुढे झालो. आठ्या घातल्या. "आं?"

"तीनशे!"

"आं?"

इथपर्यंत सगळं रीतसर झालं. मग वासंती तिच्याजवळ सरकली आणि नेहमीसारखं हळू आवाजात बोलू लागली. कापडाबद्दल. निदान माझी तशी समजूत होती.

"रागावू नको गे बाय. हेंका कायच ऐकाक येणा नाय. अकरा वर्षां झाली."

"अरे देवा! कायच नाय?"

"कायच नाय. घरात माणसां दोन, पण बोलतंय ती मी एकटीच. आदी बोलत होतंय. मगे मोठ्यान बोलूक लागलंय. मगे शेजारी ऐकतत म्हणान बोलणाच सोडलंय. आता कुकरावांगडा बोलतंय. तो निदान शिटी तरी मारता."

आणि नेमकी त्याच क्षणी माझी टोपी शिट्टी मारू लागली! यंत्रावर काही दाबलं गेलं की ते किंचाळतं, हे मला डॉक्टरणीने सांगितलं होतं. टोपीच्या बाबतीत ते मी विसरलो होतो. कानात सुई गेल्यासारखा मी उडालो. पण बहिऱ्याने उडायचं नसतं, म्हणून मी तशीच उडी पुढे ढकलून पलीकडच्या दोरीवरची एक विजार बघू लागलो.

"ह्यां काय वाजता?" बाईने विचारलं.

"मोबाईल," वासंती म्हणाली आणि माझ्याकडे असं बघितलं, की यंत्रसुद्धा गप्प झालं.

बाई शर्ट हातात घेऊन खुर्चीवर बसली होती. "दोनशे दी गे," ती म्हणाली. "काय ह्यो भोग तुझो!"

झालं होतं काम! शंभर रुपये सुटले होते. आता वासंतीने पैसे काढून शर्ट घ्यायचा, एवढंच उरलं होतं. पण ती थांबली नाही. मी विजारीच्या आड उभा होतो. तिला मी दिसत नव्हतो आणि तिच्या लेखी मला ऐकू येत नव्हतं. हे नाटक आहे, हे ती स्वतःच विसरली असावी, किंवा इतक्या वर्षांची सवय असेल.

"माझी आई गेली तेवा फोन इलो," ती म्हणाली. "हे पेपर वाची होते. मी सांगलंय, आई गेली. हे म्हणाले, 'बरां.'"

बाईने शर्ट मांडीवर घेतला.

"मगे परत सांगूचा लागला. मोठ्यान. माझी आई गेली, ह्यां मी माझ्याच घरात बोंब मारून सांगलंय गे. आई गेल्याचा असा कोण बोंब मारून सांगता?"

बाई डोळे पुसत होती. शर्टाच्या बाहीने. मी जो विकत घेणार होतो त्याच. विजारीमागे माझी अवस्था फारशी वेगळी नव्हती. तो दिवस मला आठवत होता. मी दाराकडे पाठ करून पेपर वाचत होतो. तिचा ओरडलेला चेहरा आठवत होता. पण त्याच्या आधी ती एकदा हळू बोलली होती, आणि मी चाहुलीवरच 'बरं' म्हणालो होतो, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. अशा वेळी नवऱ्याने काहीतरी चांगलं बोलावं. अकरा वर्षांनी बायकोचं पहिलं मनातलं वाक्य कानावर पडतंय, त्याला शोभेसं काही बोलावं. मी विजार बाजूला सारली आणि ओरडलो,

"तू पाठीसून सांगलंस! माझ्या पाठीसून!"

दोघीही माझ्याकडे बघत राहिल्या. मग बाई सावकाश उठली.

"ओ भावोजी, तुमका ऐकाक येता?"

मी सवयीने म्हणालो, "आं?"

"आता कसलो आं! टोपी काढा बघू!" मी टोपी काढली. यंत्राने उरलीसुरली शिट्टी मारून घेतली. बाई भडकली. "तुमी नवरा-बायल मेळून माका फसवतास? मी हयसर बसान रडतंय तुमच्यासाठी! आणि तू गे? ती आई, तो पेपर, सगळा खोटा तर?"

मी वासंतीकडे पाहिलं. मलाही तेच विचारायचं होतं. तिने तीनशे रुपये मोजून बाईच्या हातात ठेवले आणि ओल्या बाहीचा तो शर्ट नीट घडी करून पिशवीत घातला. (पुढे स्नेहमेळाव्यात मी तो घातला. पोटावरची दोन बटणं लागली नाहीत, पण रेट्रो काळात लोक बारीक होते हे सगळ्यांनी समजून घेतलं.)

परतीच्या बसमध्ये मी तिच्या शेजारी बसलो होतो. इंजिन, हॉर्न, कंडक्टरची हाक, मागच्या बाकावरच्या मासळीच्या टोपलीवरून चाललेलं भांडण, सगळं ऐकू येत होतं. फक्त ती बोलत नव्हती. म्हापशाच्या स्टँडवर बस थांबली, इंजिन बंद झालं, तेव्हा मी धीर केला.

"गे, ता तू बोललंस, ता भाव कमी करूसाठी?"

"हां."

मला इतकं हलकं वाटलं! म्हणजे ते बाजारातलंच बोलणं होतं. मी हसूनसुद्धा घेतलं. तिने खिडकीतून बाहेर बघत पुढचं सांगितलं.

"खरा होता, म्हणान तर कमी करी होते. खोट्याक कोण पन्नास रुपये सोडता?"

डिचोली येईपर्यंत माझ्या डोळ्यांसमोरून एकेक वस्तू जात होती. मिक्सर. टेबलफॅन. कपाट. त्या कपाटाचे तर तब्बल आठशे कमी झाले होते. त्या दिवशी तिने दुकानदाराला काय सांगितलं असेल, याचा विचार करवेना. मी आपला शेजारी उभा राहून 'आं' म्हणत होतो, आणि घरी आल्यावर चार लोकांना माझी घासाघीस रंगवून सांगत होतो.

घरी आल्यावर तिने चहा ठेवला. मी एरवी पेपर घेऊन बाहेरच्या खुर्चीत बसतो. त्या दिवशी स्वयंपाकघरात स्टूल ओढलं आणि तिच्या समोर, अगदी तोंडाकडे बघत बसलो. काहीतरी सुरुवात करायला हवी होती. चांगले नवरे संध्याकाळी बायकोला काय विचारतात, हे मी आठवू लागलो. आणि विचारलं,

"मगे? आज दिवसभर काय काय झाला? सांग बघू."

गाळणी हातात तशीच धरून ती माझ्याकडे बघत राहिली.

"अहो," ती म्हणाली, "दिवसभर तुमी माझ्याच वांगडा होतात मा!"

मी सोबत होतो, हे ती आजच्या दिवसाबद्दल म्हणत होती. मला मात्र ते अकरा वर्षांबद्दल ऐकू आलं. यंत्र नवीन होतं, जरा जास्तच ऐकू येत होतं.