राऊतकाकांची शिडी

"घेऊ की नको, तेवढं सांगा डॉक्टरबाई," म्हणत राऊतकाकांनी गोखिवऱ्याच्या हार्ट स्पेशालिस्टचं प्रिस्क्रिप्शन माझ्यापुढे सरकवलं.

माझ्या पोटात दुखलं. काकांचा सर्दी-ताप, बीपी इतकी वर्षं मी बघितलं. त्यांच्या वाडीतल्या सोनचाफ्याची पुडी दर वेळी माझ्या टेबलावर यायची. आज नव्हती. ती कुठे उतरली, हे विचारायची गरज नव्हती. त्यात मी 'बाई' आणि तो पोरगेलासा डॉक्टर 'सर'.

मी ईसीजी बघितला. काकांच्या हृदयाचे ठोके अनियमित झाले होते. यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. रक्त तिथे साचतं, गुठळी होते, ती मेंदूत गेली की लकवा. म्हणून सरांनी ठोके आवरायला एक गोळी दिली होती आणि रक्त पातळ करायला दुसरी. दुसरीची अडचण अशी की तिने गुठळी टळते, पण रक्तस्राव झाला तर लवकर थांबत नाही.

चूक सापडावी म्हणून मी डोस किडनीच्या रिपोर्टशी ताडून बघितला. अगदी बरोबर होता मेला.

"सरांना सांगितलंत, रोज पहाटे चाफा काढायला शिडीवर चढता ते?"

"त्यांनी विचारलंच नाही. मी शेती करतो म्हटलं."

सापडला! खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, उंच शिडी, त्यात पातळ रक्त. डोक्यावर पडला तर संपलंच. 'घेऊ नका' म्हटलं असतं तर काका खूश आणि पेशंट पुन्हा माझा. त्यांनाही तेच ऐकायचं होतं.

पण त्या वयात, बीपीसोबत, असं हृदय असलं की लकव्याची भीती पडण्याच्या भीतीपेक्षा मोठी. गोळी सोडता येत नव्हती. शिडी सोडता येत होती.

"गोळ्या घ्यायच्या. शिडी बंद."

काका उठलेच. "माझ्या हातची झाडं आहेत ती. पुतण्या फुलांबरोबर कळ्याही ओरबाडतो."

"ओरबाडू दे. लकवा झाला तर खाटेवरून बघणार आहात का झाडं?"

सोबत आलेल्या काकूंनी पिशवी उचलली. "शिडी आजच पुतण्याकडे जाईल," त्या मला म्हणाल्या.

मी सरांना फोन केला, शिडीचं सांगितलं. "थँक्यू मॅडम, हे मी विचारायला हवं होतं," तो म्हणाला. वर नम्रही निघाला. मला आणखीच राग आला.

आज काका ठणठणीत आहेत. झाडाखाली खुर्ची टाकून पुतण्यावर ओरडतात. बीपी तपासायला माझ्याकडेच येतात आणि रिकाम्या हाताने येतात. चाफा गोखिवऱ्याला जातो. "सरांनी वाचवलं आणि बाईंनी घरी बसवलं," असं वाडीभर सांगतात.

धंद्यातला माझा धडा एवढाच: गोळी लिहून देणाऱ्याला फुलं मिळतात, शिडी काढून घेणारीला पेशंट जिवंत दिसतो. दोन्ही मिळालं असतं तर मला चाललं असतं.