उजव्या अंगठ्याचं नख

माझ्या उजव्या अंगठ्याचं नख एके काळी माझं अवजार होतं. मी जिल्ह्यातल्या एका शेतकी कॉलेजच्या शेतात रोजानं कामाला जाते. संकरित कापसाचं बी तयार करायचं तर फुलातला नर आधी काढावा लागतो. दुपारी तीननंतर, उद्या उमलणारी कळी धरायची, नखानं गोल फाडायची आणि पाकळ्यांसकट सगळे केसर उपसून टाकायचे. उरलेल्या मादीवर लाल टोपी बसवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी काढून तिच्यावर दुसऱ्या जातीचं फूल घासायचं. नख जरा खोल गेलं की आतलं कोवळं बोंड जखमी होतं आणि गळून पडतं.

माझी शाळा चौथीपर्यंत. चार माणसांपुढे माझ्या तोंडातून शब्द फुटत नसे. पदवीच्या वर्गाला हे शिकवणारे सर फळ्यावर चित्र काढून सांगत आणि मग पोरांना माझ्या ओळीत आणून म्हणत, "आता ताईचा हात पाहा." पोरं पाहत. मी न बोलता कळ्या फाडत पुढे जाई.

त्या वर्षी शिक्षकदिनाला संस्थेनं सरांना उत्कृष्ट अध्यापनाचा पुरस्कार दिला. आम्ही मजूर मागच्या भिंतीशी बसलो होतो. सर बोलायला उभे राहिले. म्हणाले, "मी सांगितलेलं पोरं परीक्षेनंतर विसरतात. नोकऱ्या लागल्या त्या ताईच्या हातामुळे." मला वर बोलावलं. मी उठेना, तेव्हा दोन पोरींनी ओढत नेलं. बाईला शाल द्यायची तर बाईच्याच हातून देतात. सरांना भरात ते सुचलं नाही. त्यांनी स्वतःच्या अंगावरची शाल काढून माझ्या खांद्यावर टाकली. ती घसरली, तर दोन्ही हातांनी पुन्हा नीट केली. टाळ्या वाजल्या. कोणीतरी मोबाइलवर फोटो काढला.

मी घरी पोचायच्या आधी तो फोटो पोचला होता. ओट्यावर नवरा बसला होता आणि धाकटा दीर मोबाइल धरून उभा होता.

"आल्या शाल पांघरून," दीर म्हणाला. "वैनी, मास्तरसंग पाट लावला काय? आमाले जेवाले तरी बलवाचं व्हतं."

नवऱ्यानं केस धरून आत ओढलं. पहिला फटका कानावर बसला. मग दाराच्या अडसरानं पाठीवर, मांड्यांवर. "पोट्टे कोणता हात पाह्यतात वं तुहा? हाच काय?" असं म्हणत त्यानं माझा अंगठा मुठीत धरला आणि मागे वाकवला. वाळकी तुराटी मोडावी तसा आवाज झाला. मी ओरडले नाही. शेजारी ऐकतील याची लाज तेव्हाही होती. दिरानं शाल चुलीत कोंबली. ती वितळून काळा गोळा झाली.

"त्या वावरात पाय टाकला तर दुसराबी मोडीन," नवरा म्हणाला.

फुलांचा हंगाम थोड्या दिवसांचा असतो. एक दिवस गेलं नाही की मुकादम ओळीवर दुसरी बाई लावतो. साऱ्या जगात तेवढ्या एका ओळीत कोणी माझ्याकडे शिकायला येत होतं. ती गेली असती तर माझ्याजवळ काही उरलं नसतं.

सकाळी दोघे भाऊ कुऱ्हाडीचा दांडा घेऊन कॉलेजकडे निघाले. मी मागे पळत गेले. सर पोरांबरोबर ओळीत टोप्या काढत होते. दिरानं काही न विचारता दांडा घातला. सरांचा कान फाटला, चष्मा कापसात उडाला. दुसरा घाव खांद्यावर पडला. मग पोरं धावली. दीर पळाला. नवऱ्याला त्यांनी सरीत पाडलं आणि लाथांनी तुडवलं. झाडं मोडली, लाल टोप्या मातीत गेल्या. त्याच्या तोंडातून रक्त येताना पाहून मला बरं वाटलं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

एका पोरानं पडलेला दांडा उचलून त्याच्या डोक्यावर उगारला. सर मध्ये आले. त्यांचा शर्ट गळ्यापासून लाल झाला होता.

"मार. पयले मले मार, मंग त्याले."

पोरानं दांडा टाकला.

पोलीस आले. सरांनी तक्रार दिली नाही. ताईचं घर मोडेल, म्हणाले. माझी काही तक्रार आहे का, हे कोणी विचारलं नाही.

तीन वाजता मी ओळीत गेले. अंगठा चिंधीनं बांधला होता. सर दवाखान्यात होते. पोरं नुसती उभी होती.

"मावशी, दाखवा ना," एक पोरगी म्हणाली.

मी हात वर केला. अंगठा हलेना. मग तिनंच कळी धरली, नख लावलं, आणि बोंडासकट सगळं तिच्या हातात आलं.

"खोल नोको घुसवू," मी म्हणाले. "बोंड मरते."

"मंग किती, मावशी?"

"कांद्याचं वरचं साल काहाडतं ना? तेवढंच."

"मावशीले बोलता येते बे!" मागून एक पोरगा ओरडला. सगळे हसले. मला घाम फुटला होता, पण अंधारेपर्यंत मी बोलत राहिले.

घरी नवरा फुटलेल्या ओठानं भिंतीशी बसला होता. मी डाव्या हातानं वाढलं.

"उद्या जाशीन?"

"हाव."

भरलं ताट माझ्यावर आलं. कड भुवईत घुसली. मी रक्त पुसलं, भाकरी उचलून ठेवल्या. त्याला दुसरं ताट वाढलं नाही.

दुसऱ्या दिवशी तीनला मी ओळीत होते. मुकादमानं भुवईकडे पाहिलं आणि हजेरी लावली.

अंगठा वाकडाच जुळला. नख अजून वाढवते, पण त्यानं कळी फाटत नाही. आता मी पोरांच्या मागून चालते. कोवळी कळी बरोबर फाटली तर बारीक आवाज येतो. खोल गेलेल्या नखाचा आवाज वेगळा, ओला असतो. तो कानावर आला की मी ओरडते, "वर घे नख, वर. मारू नोको तिले."