दायां, डावा आणि सीधा

पुढं लातूरला मी पोरींना एक्स-रेचं काम शिकवायला लागले, तेव्हा पहिल्या दिवशी मशीनजवळ जाऊच देत नसे. आधी म्हणायचे, "उजवा हात वर करा." पोरी एकमेकींकडं बघून हसायच्या. एखादी आगाऊ पोरगी म्हणायची, "मावशी, आम्ही काय बिगारीतल्या हाओत का?" मी म्हणायचे, "असंना का. करा वर." त्यांना वाटायचं, म्हातारीला काहीतरी खूळ आहे. खूळ नव्हतं बाई. मी जिथं हे काम शिकले तिथं उजवी बाजू कोणती, यावरच एकदा सगळं येऊन थांबलं होतं, आणि एका बाईच्या जिवाचा प्रश्न होता. ती हकीकत सांगते. धड सांगता येईल की नाही कोण जाणे, कारण अजून मलाच ती पुरती उलगडलेली नाही.

निझामाचं राज्य होतं. आता सगळे म्हणतात शेवटचा काळ, पण आम्हाला तेव्हा शेवटबिवट काही माहीत नव्हतं. मी लातूरची, लग्न होऊन नांदेडला आलेली. शाळेचं तोंड पाहिलं नाही. भावाच्या जुन्या पुस्तकांवरून बोट फिरवत फिरवत वाचायला शिकले, तेही मराठी. उर्दूचं एक अक्षर येत नव्हतं. मालक कचेरीत कारकून, त्यांचं सगळं काम उर्दूत चालायचं, पण ते घरी आले की टोपी खुंटीला आणि उर्दूही खुंटीला.

सरकारी दवाखान्यात एक्स-रेचं मशीन आलं होतं. लोक त्याला 'अंदरका फोटू' म्हणायचे. पुरुष यायचे, बायका येईनात. अंधारी खोली, परका पुरुष, आणि वर पदर बाजूला करा म्हणायचं! म्हणून डॉक्टरसाहेबांनी ठरवलं की दोन बाया तयार करायच्या. मालक त्यांच्या ओळखीचे, त्यांनी माझं नाव सुचवलं. सासूबाई म्हणाल्या, "लोकांच्या बायांची हाडं बघायला जाणार का आता? घरची हाडं कमी पडली काय?" पण अडवलं नाही त्यांनी. त्यांचा स्वतःचा गुडघा दुखायचा, त्याचा फोटू फुकटात निघेल असं कुठंतरी मनात असावं.

दुसरी बाई नांदेडच्याच एका जुन्या मुसलमान घरातली होती. त्यांचं पुस्तकं बांधायचं दुकान. ती माझ्याहून थोरली, म्हणून मी तिला आपा म्हणायची. ती मला 'लातूरवाली' म्हणायची, शेवटपर्यंत. आणि शिकवणारे उस्ताद. ते उत्तरेकडचे, पांढरी दाढी, बोलणं असं की साखर पेरल्यासारखं. आम्हाला 'बेटी' म्हणायचे. एकदाही आवाज चढवला नाही. पण त्यांची उर्दू आमच्या गावातली नव्हती, आणि गोंधळाची सुरुवात तिथूनच झाली असं मला वाटतं.

गोंधळ तरी किती प्रकारचे! हातभर चुडे घातलेल्या बंजाऱ्यांच्या बाया यायच्या, ते चुडे निघता निघत नसत. शीख बाया कडं काढायला तयार नसत. आमच्याकडच्या बाया मंगळसूत्राला हात लावू देत नसत, ते मग पाठीवर सोडायचं. ताईत दंडाला, ताईत गळ्याला, एकीच्या तर केसांत. देगलूरकडून आलेल्या बायांना तेलुगूत सांगावं लागे, ते आम्हा दोघींनाही येत नसे, मग नुसते हातवारे. छातीचा फोटो घेताना श्वास रोखायला लागतो. उस्ताद म्हणायचे, "दम रोको." मी त्याचं मराठी केलं, "दम धरा." झालं! अर्धापूरची एक बाई म्हणाली, "धरते की बाई, मला काय घाई न्हाई," आणि मजेत श्वास घेत उभी राहिली. उस्ताद बिचारे विचारात, की ही बाई इतकी समजूतदार दिसते आणि फोटो मात्र हलतोय कसा.

पण हे सगळं हसण्यावारी गेलं. चाचीचं तसं नव्हतं.

चाची म्हणजे गावातल्या मण्याराची बायको. माझ्या हातात नांदेडला पहिल्यांदा बांगड्या भरल्या त्या तिनंच. "हात ढीला छोड गे, लोहे का है क्या?" म्हणत अख्खा हात दाबून दाबून मऊ करायची. आता तिच्या पोटात कळा येत होत्या, उभं राहवत नव्हतं, वाळून काडी झाली होती. डॉक्टरसाहेब म्हणाले, मूत्रपिंडात खडा असणार, कापून काढावा लागेल. पण तिच्या अंगात रक्त नाही. क्लोरोफॉर्म एकदा सोसेल, दुसऱ्यांदा नाही. म्हणजे एकच बाजू उघडायची, आणि ती बरोबर पाहिजे.

डॉक्टरसाहेबांनी पडद्याच्या पलीकडून विचारलं, "दर्द किस तरफ है?" चाची हळू आवाजात म्हणाली, "सीधे बाजू." मी आपली मराठी. सीधं म्हणजे सरळ. मी मोठ्यानं सांगितलं, "सरळ दुखतंय म्हणते साहेब, इकडं न्हाई तिकडं न्हाई." साहेब म्हणाले, "अच्छा, बीच में. फिर प्लेट ही बताएगी."

प्लेट, म्हणजे तोच फोटू, घेताना रीत अशी. बाईला उताणं झोपवायचं, तिच्या खाली फिल्मचा डबा सरकवायचा, आणि डब्यावर एका कडेला शिशाचं एक अक्षर चिकटवायचं. ते अक्षर फोटोत उमटतं. फिल्म उलटी धरली की सुलटी हे त्याच्यावरून कळतं. उस्तादांनी शिकवलं होतं, अक्षर कायम 'दायीं' तरफ. आपानं सांगितलं होतं, ते अक्षर उर्दूतलं 'दाल' आहे, दायांचं. मला ते वाकड्या आकड्यासारखं दिसायचं. बरं, उस्ताद शिकवताना आमच्या समोर उभे राहायचे, हात वर करायचे आणि म्हणायचे, "यह दायां." तो हात माझ्या डावीकडं यायचा. आणि दायां, डावा, ऐकायला तरी काय वेगळं? दा आणि डा. मला शंकासुद्धा आली नाही. चाचीचा फोटो हा आम्ही दोघींनी मिळून केलेला पहिलाच मोठा फोटो. तोवर अक्षर उस्तादच लावत.

फोटो छान आला. खडा चिंचोक्याएवढा, पांढरा, स्वच्छ दिसत होता. अक्षर एका कडेला, खडा दुसऱ्या कडेला. साहेब म्हणाले, अक्षर दायां, म्हणजे खडा बायां. ठरलं.

ऑपरेशनच्या सकाळी आपा चाचीच्या कंबरेला औषध फासायला लागली, त्याच बाजूला. चाची ताडकन उठून बसली, "अगे माँ, इधर कायकू पोतते? मेरेकू सीधे बाजू दुखता बोलको बोली ना मैं!"

आपाचा हात तिथंच थांबला. "सीधे बाजू? फिर लातूरवाली बीच में कायकू बोली?"

मी म्हणाले, "सीधं म्हणजे सरळच की."

"सीधा मतलब जिस हात से खाते सो!"

मी माझ्या हाताकडं बघितलं. मग चाचीकडं. आता तुम्ही म्हणाल, उजेड पडला. कसला उजेड! आपा धावत जाऊन साहेबांना घेऊन आली, उस्ताद आले, प्लेट खिडकीला लावली. चाची उजवीकडं दुखतं म्हणते, प्लेट डावीकडं खडा दाखवते. साहेब म्हणाले, "दर्द कभी कभी धोका देता है. प्लेट धोका नहीं देती." मग मला विचारलं, "अक्षर किस तरफ रखा था?"

"दायीं तरफ, साहेब." हे मला पक्कं माहीत होतं.

"दायां हाथ दिखाओ."

मी ऐटीत डावा हात वर केला.

उस्तादांनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी दाताखाली ओठ धरला. पडद्याआडून चाची म्हणाली, "क्या हुआ गे?" साहेब म्हणाले, "तो अक्षर बायीं तरफ था. प्लेट उलटी पढ़ी हमने." चूक माझी निघाली, पण निदान गुंता सुटला असं वाटलं. तेवढ्यात आपा म्हणाली, "नहीं साहब. मैं देखी, इसने गलत तरफ रखा, तो मैं चुपचाप उठाको सही तरफ रख दी."

"आपा, तुम्ही हलवलं? मला वाटलं ते घसरलं! मी परत होतं तिथं नेऊन चिकटवलं."

"कब?"

"चाचीला झोपवायच्या आधी."

"मैं तो चाची को सुलाते वक्त रखी."

"न्हाई हो, मीच शेवटची होते."

"मैं थी!"

आम्ही दोघी भांडायला लागलो. खरं सांगते, भांडता भांडता माझ्याच मनातून ते चित्र पुसून गेलं. आधी आपा, मग मी? की आधी मी, मग आपा, मग परत मी? अक्षर एवढंसं, कुणाचा हात शेवटचा लागला हे कोण सांगणार! साहेबांनी कपाळाला हात लावला. "इस पूरे नांदेड में किसी को अपना दायां मालूम है या नहीं?"

दुसरा फोटो घ्यायचा म्हटलं तर फिल्मची ओढाताण. जर्मन-जपानच्या लढाईमुळं हैदराबादहून माल कधी येईल त्याचा भरवसा नव्हता. त्या मापाची एकच फिल्म उरली होती. उस्ताद म्हणाले, या वेळी अक्षरच नको. त्यांनी कमरेची किल्ली काढली. अंधाऱ्या खोलीची ती किल्ली चांगली जाड, चपट्या डोक्याची. ती चाचीच्या हातात दिली आणि म्हणाले, "बहन, जहां दुखता है, बस वहां रख लीजिए. दायां बायां कुछ मत कहिए."

चाचीनं डोळे मिटले, पोटावर हात फिरवला, आणि एका जागी किल्ली ठेवली. कण्हली. उस्तादांनी फोटो घेतला.

ओली फिल्म घेऊन ते बाहेर आले तेव्हा आम्ही सगळे खिडकीशी उभे होतो. किल्ली उमटली होती, दुधासारखी पांढरी. आणि खडा?

खडा नव्हताच.

साहेबांनी फिल्म फिरवली, उलटी धरली, सुलटी धरली. "पत्थर कहां गया?"

उस्तादांनी फिल्म डोळ्यांजवळ नेली. "हुजूर," ते हळूच म्हणाले, "लगता है चाबी के पीछे है."

म्हणजे बघा, चाचीनं किल्ली इतकी बरोबर ठेवली होती की खडाच झाकून गेला! मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही. साहेब मात्र हसले नाहीत. "और अगर निकल गया हो तो? फिर किसे काटूं?"

पडद्याआडून चाचीचा आवाज आला, "निकल गया तो दुखता कायकू?"

साहेबांनी आणखी एकदा फिल्म उजेडाला धरली. दुसरी बाजू अगदी कोरी होती. त्या बाजूला काही नाही, एवढं तर दिसतंय, असं ते स्वतःशीच म्हणाले. मग आपाला सांगितलं, आधीचं औषध पुसून टाक, किल्लीच्या बाजूला लाव. सांगितलं पण तोंडावर खात्री नव्हती. किल्लीमागं खडा आहे, हे आम्ही सगळे धरून चाललो होतो. दिसलेला कुणालाच नव्हता.

चाचीला आत नेलं. मी आणि आपा दाराबाहेर बसलो. मधूनच ती म्हणायची, "मैं ही आखिर में रखी थी." मी म्हणायची, "असेल." मग मी म्हणायची, "मीच होते वाटतं." ती म्हणायची, "होंगी." आत काय चाललंय कळत नव्हतं. खडा तिथं नसला तर? दुसरी बाजू उघडायला तिचं अंग पुरणार नव्हतं. मला तिच्या हातातल्या बांगड्या आठवत होत्या, त्या आम्हीच सकाळी उतरवून रुमालात बांधल्या होत्या. तो रुमाल आपाच्या मांडीवर होता.

दार उघडलं. नर्सबाईच्या हातात पांढरी वाटी होती. त्यात खडा. ओबडधोबड, तांबूस. आपानं माझा दंड असा आवळला की वळ उठला.

दुसऱ्या दिवशी मी चाचीच्या खाटेशी गेले. गुंगी पुरती उतरली नव्हती, जीभ जड पडत होती. तिनं मला ओळखलं आणि पहिला प्रश्न केला, "कौनसे बाजू काटे गे?"

मी तोंड उघडलं. दायां म्हणावं, सीधा म्हणावं, उजवा म्हणावं, काय म्हणावं? तिन्ही शब्दांचा अर्थ त्या वेळी मला माहीत होता आणि तरी एकाचाही भरवसा वाटेना. मी तिचा हात धरला आणि पट्टीवर नेऊन ठेवला.

तिनं बोटांनी चाचपलं. थोडं दाबलं, कळ आली तशी दात आवळले.

"हौ," ती म्हणाली. "इधरीच दुखता था."